आर्लेस्तों यांची कारकीर्द: अद्भुत चित्रकथेचा विस्तार की एकाच कल्पनेचे दळण?

वाचनखूण (धागाकर्ता)

फ्रेंच अद्भुत चित्रकथा वाचणाऱ्यांसमोर एक मत मांडतो आहे. क्रिस्तोफ आर्लेस्तों या लेखकाने दिदिए तारकां या चित्रकाराबरोबर १९९४ मध्ये ‘लांफस्त द त्रॉय’ ही मालिका सुरू केली आणि २००० पर्यंत आठ भागांत ती पूर्ण केली. ती कल्पना खरोखरच सुरेख होती. त्रॉय या जगात प्रत्येक माणसाला जन्मतः एकच शक्ती मिळते, मग ती कितीही क्षुल्लक असो, आणि तीही एकम्यूल या शहराचा कोणी ज्ञानी जवळपास असेल तरच चालते. नायक लांफस्त हा लोहाराच्या हाताखाली काम शिकणारा मुलगा असून तो नुसत्या नजरेने लोखंड वितळवतो. त्याची वाग्दत्त वधू सियान हिला जखमा भरून काढता येतात, पण दिवस मावळल्यावरच. प्रत्येक शक्तीला अशी मर्यादा असल्यामुळे गोष्टीत जीव होता.

त्यानंतर काय झाले? ‘लांफस्त दे एत्वाल’चे आणखी आठ भाग आले, मग ‘लांफस्त ओदिसे’चे दहा, आणि शिवाय त्याच जगातल्या उपमालिका. तूलाँच्या सोलेय प्रकाशनाला खपणारे नाव सापडले होते आणि लेखकही त्या घाण्याला स्वखुशीने जुंपला गेला, असे मला वाटते. याउलट सर्ज ल ताँद्र यांचे उदाहरण पाहा. चित्रकार रेजी लुआझेल यांच्या साथीने केलेली त्यांची काळपक्ष्याच्या शोधाची कथा १९८३ ते १९८७ या काळात चार भागांत संपली. तिच्या अखेरच्या पानांवर जे उलगडते, ते कळल्यावर वाचकाला मागचे सारे भाग नव्याने वाचावे लागतात. आर्लेस्तों यांच्या चाळीसएक पानांच्या आल्बममध्ये, म्हणजे मालिकेच्या एकेका भागात, असा शेवट मला कुठे भेटला नाही.

शाईचा डाग

आपल्या मताशी मी पूर्णपणे असहमत आहे, आणि ल ताँद्र यांचे उदाहरण तर आपल्याच विरोधात जाते. त्यांच्याही कथेची पूर्वकथा १९९८ पासून येऊ लागली आणि ती अनेक भाग चालली. मग विस्तार हा दोष एकाच लेखकाच्या माथी का मारायचा?

दुसरे असे की, आर्लेस्तों यांची कारकीर्द लांफस्तपासून सुरू होत नाही. चित्रकथेकडे वळण्यापूर्वी ते रेडिओसाठी श्रुतिका लिहीत असत, आणि त्यांच्या संवादांना जो कान आहे, तो मला वाटते तिथलाच आहे. १९९२ मध्ये त्यांनी ‘लेओ लोदेन’ ही मार्सेय शहरातल्या खाजगी गुप्तहेराची मालिका सुरू केली, जिच्यात जादूचा लवलेशही नाही. पुढे आलेस्सांद्रो बार्बुच्ची यांच्याबरोबरच्या ‘एको’त त्यांनी आपण सारे राहतो त्या जगाचेच एक प्रतिबिंब उभे केले. दळण दळणारा माणूस इतक्या वेगवेगळ्या चित्रकारांच्या हाताला शोभेल असे वेगवेगळे लिहू शकत नाही.

आणि ज्या उपमालिका आपण एका शब्दात निकालात काढल्या, त्यांतली ‘ट्रोल द त्रॉय’ जरा सावकाश वाचावी. मूळ मालिकेत ट्रोल हे राक्षसासारखे प्राणी माणसांच्या नजरेतून दिसतात, आणि त्यांच्यातला एब्यूस तर मंत्राने माणसाळवलेला आहे. जाँ-लुई मूरिए यांनी चित्रे काढलेल्या या मालिकेत घर ट्रोलांचे आहे. अंगाभोवती घोंघावणाऱ्या माशा हे तिथे वैभव आहे, पाणी हे भय आहे, आणि माणूस हे जेवण आहे. त्यांच्यात वाढलेली वाहा ही माणसाची मुलगी स्वतःला ट्रोलच समजते. ज्या जगाला आपण पहिल्या आठ भागांत सभ्य समजत होतो, ते येथे अन्नसाखळीच्या दुसऱ्या टोकावरून दिसते. याला विस्तारच म्हणावे लागेल, पुनरावृत्ती नव्हे.

पानगळ

मला एक मुद्दा जोडावासा वाटतो, कारण दोन्ही प्रतिसादांत तो सुटला आहे. या कथांतील स्त्रिया अत्यंत तोकड्या कपड्यांत रेखाटल्या आहेत आणि पहिल्या भागांत सियान व सिक्सी या दोघी बहिणींचा बराचसा वेळ लांफस्तवरून एकमेकींना टोचण्यात जातो. चित्रकाराकडे बोट दाखवून लेखकाला यातून मोकळे होता येणार नाही.

शाईचा डाग

आपली तक्रार रास्त आहे आणि तिचा बचाव मी करणार नाही. मात्र सिक्सीचे पात्र पुढे कुठे जाते, हेही पाहावे. खलनायक तानोस सत्ता बळकावतो तेव्हा ती त्याच्या बाजूला गेली असे सगळे मानतात. प्रत्यक्षात मुखवटा घालून रात्री त्याच्या सत्तेला सुरुंग लावणारी तीच असते. माझ्या मते आठ भागांत सर्वांत अधिक बदलणारे पात्र नायकाचे नव्हे, तिचे आहे.

वाचनखूण (धागाकर्ता)

‘ट्रोल द त्रॉय’बद्दलचा आपला मुद्दा मला पटला, ती मालिका मी घाईने उपमालिकांच्या गठ्ठ्यात टाकली, ही माझी चूक झाली. लेओ लोदेनमुळे त्यांचा आवाका सिद्ध होतो, हेही मान्य.

पण माझा मूळ आक्षेप शिल्लक राहतो, म्हणून तो अधिक नेमका करतो. ‘दे एत्वाल’मध्ये कथा अवकाशात जाते आणि कळते की, त्रॉयवरची जादू ही आकाशगंगेतल्या व्यापारी-राजांनी पिढ्यान्‌पिढ्या चालवलेल्या आनुवंशिक प्रयोगाचे फळ आहे. लोहाराकडे शिकणाऱ्या मुलाने भट्टीत न घालताच हातातला गज लालबुंद होताना पाहावा, त्या दृश्यात जे आश्चर्य होते, त्याचा खुलासा झाला की ते आश्चर्य उरत नाही. शिवाय पहिल्या मालिकेत मागोहामोथ या अद्भुत प्राण्याच्या हस्तिदंताची तलवारीची मूठ हाताला लागली तरच लांफस्तला सर्व शक्ती मिळत असे, म्हणून ती मूठ कोणाकडे आहे यावर सारा ताण टिकून होता. तो आधार गेल्यावर लेखकाला दर भागात शत्रूच मोठा करत न्यावा लागतो.

शाईचा डाग

तो खुलासा मला मात्र कथेचा सर्वांत धाडसी भाग वाटतो. प्रत्येकाला एकच शक्ती का आणि ती ज्ञानी माणसाच्या सान्निध्यावरच का अवलंबून, हे प्रश्न पहिल्या भागापासूनच लटकत होते. ज्या जगाच्या नियमांवर आपण इतके प्रेम केले, ते नियम कोणीतरी नफ्यासाठी आखले होते, हे कळल्यावर लांफस्तचा राग आपलाही होतो. ‘ओदिसे’च्या दहा भागांची बाजू मी घेणार नाही, ते मलाही लांबलेले वाटले. पण ‘दे एत्वाल’चा पहिला भाग आपण पुन्हा एकदा, वरचा आक्षेप बाजूला ठेवून वाचावा, अशी विनंती आहे.

वाचनखूण (धागाकर्ता)

वाचतो. त्याच्या आधी मूळ मालिकेचा आठवा भागही पुन्हा वाचेन, कारण हस्तिदंताचे प्रकरण तिथेच कसे मिटवले आहे ते मला तपासायचे आहे.