नांगर उचलून निघून जाणाऱ्यांशी मैत्री करावी तरी कशी?

सागरिका:
नमस्कार. गेले चौदा महिने मी आणि माझे यजमान अकरा मीटर लांबीच्या शिडाच्या नौकेवर राहत आहोत. अटलांटिकमधील चक्रीवादळांचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर असा असल्याने आम्ही तो कॅरिबियनमधील ग्रेनाडा बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावरील एका खाडीत नांगर टाकून काढला. त्या काळात शेजारच्या नौकेवरील जोडप्याशी आमचा इतका घरोबा झाला की डिंगीचा, म्हणजे ये-जा करायच्या छोट्या मोटरबोटीचा, आवाज ऐकूनच कोण येत आहे ते मला कळत असे. डिसेंबरमध्ये वाऱ्याचा अंदाज अनुकूल दिसताच ते पनामाकडे निघाले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॉकपिटमध्ये, म्हणजे नौकेच्या उघड्या बैठकीत, येऊन बसले, तर त्यांच्या जागी नुसते पाणी होते. आमची नौका दुरुस्तीसाठी अजून काही महिने इथेच राहणार आहे. हे असे तिसऱ्यांदा घडले असून आता नव्या नौकेवर ओळख करून घ्यायला जाण्याची इच्छाच उरलेली नाही. आपण सर्वांनी हे कसे निभावले?

ध्रुव:
आपले दुःख मी जाणतो, परंतु निघून गेलेली नौका आपल्याला कायमची दुरावली असे धरून चालू नये. आपण सारे वाऱ्याने आखून दिलेल्या वाटेनेच जात असतो. पनामा ओलांडलेल्या बहुतेक नौका गालापागोसहून सुमारे ३,००० सागरी मैलांवरील मार्केसास बेटांकडे वळतात आणि दक्षिण प्रशांत महासागरात नोव्हेंबरमध्ये चक्रीवादळांचा मोसम सुरू होण्यापूर्वी त्यांतील पुष्कळशा न्यूझीलंड किंवा ऑस्ट्रेलिया गाठतात. त्यामुळे एका बंदरात हात हलवून निरोप दिलेली माणसे वर्षभराने दुसऱ्याच महासागरात शेजारी नांगर टाकताना दिसतात, आणि बोलणे जिथे थांबले होते तिथूनच पुढे सुरू होते.

पनामा कालव्याचा माझा अनुभव सांगतो. तिथे लहान नौकेलाही कर्णधाराशिवाय दोर सांभाळणारी चार माणसे लागतात आणि आम्ही तर दोघेच होतो. कॅनरी बेटांत ओळख झालेल्या एका नौकेवरचे दोघे आपली कामे बाजूला ठेवून आमच्याकडे आले. कालव्यावरील गातूनच्या जलपाशात, म्हणजे पाणी भरून नौका वर उचलणाऱ्या दरवाजाबंद हौदात, पाणी चढू लागले की तळातून भोवरे उठतात, नौका भिंतीकडे ओढली जाते, आणि प्रत्येक दोर क्षणोक्षणी आवळून घ्यावा लागतो. त्या दोन दिवसांत ती माणसे मला जेवढी समजली, तेवढी महिनाभर गप्पा मारूनही समजली नसती.

उत्तरवारा:
मैत्री टिकते की नाही यापेक्षा ती मुळात कशावर उभी असते, याकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो. एका रात्री दोनच्या सुमारास वाऱ्याने दिशा बदलली आणि आमचा नांगर घसरू लागला. इंजिन सुरू होईना. मी रेडिओवर चॅनेल १६ वरून हाक दिली, तोवर अंधारातून तीन डिंगी आमच्याकडे येत होत्या. एकाने आमचा दुसरा नांगर दोरासकट स्वतःच्या डिंगीत घेतला आणि वारा येत होता त्या दिशेला दूर नेऊन टाकला. बाकीचे दोघे दोन्ही बाजूंनी मोटर लावून नौका धरून राहिले. सकाळी आभार मानायला गेलो तेव्हा लक्षात आले की त्यांच्यापैकी एकाचेही नाव मला ठाऊक नव्हते, केवळ नौकांची नावे ठाऊक होती. आपल्यात तीच आडनावासारखी वापरली जातात.

म्हणून माझा आग्रह असा की खाडीतील नौकांचे सकाळचे रेडिओ-संमेलन चुकवू नये. आजारपण आणि हवामान सांगून झाले की आलेल्या व निघणाऱ्या नौकांची नावे घेतली जातात. नव्या नौकेचे नाव ऐकले की त्याच दिवशी तिच्याकडे जावे. उद्यावर ढकलले की जाणे होत नाही.

निळाई:
वरील दोन्ही मतांशी मी सहमत आहे, तरी एक गोष्ट स्पष्टपणे मांडते. प्रत्येक शेजाऱ्याशी घरोबा व्हावा ही अपेक्षाच माणसाला थकवते. लहान खाडीत कुजबुज होते, रुसवेफुगवेही होतात. काही एकटे दर्यावर्दी तर एकांतासाठीच समुद्रावर आलेले असतात. त्यांना दुरून हात केला तरी पुरे असते.

मात्र जे जवळचे झाले, ते मनातून जात नाहीत. अझोर्स बेटांवरील होर्ता बंदरात येणाऱ्या नौका धक्क्यावर आपले चित्र व नाव रंगवून जातात. आम्ही तिथे आमचे चित्र काढायला जागा शोधत होतो, तेव्हा पाच वर्षांपूर्वी दुरावलेल्या एका नौकेचे नाव उन्हापावसाने फिकट झालेल्या अक्षरांत समोर आले. मी ब्रश खाली ठेवला आणि बराच वेळ तिथेच बसून राहिले. आमचे चित्र त्याच्याच शेजारी आहे.

सागरिका:
सर्वांचे मनापासून आभार. ध्रुव यांचा प्रतिसाद वाचून मी त्या जोडप्याला काल संदेश पाठवला. कालवा ओलांडण्याची त्यांची तारीख पुढील महिन्यातील असून दोर धरायला त्यांना अजून दोन माणसे हवी आहेत. आम्ही दोघे विमानाने जात आहोत. आमच्या नौकेकडे कोण लक्ष देईल, असे आज सकाळी रेडिओवर विचारले, तेव्हा ज्यांच्याशी मी अद्याप एकदाही बोलले नव्हते, त्या पलीकडच्या नौकेने सर्वांत आधी उत्तर दिले. संध्याकाळी त्यांच्याकडे किल्ल्या द्यायला जाणार आहे.