मदत हवी आहे : जुन्या लॅपटॉपवर सिंथ वाजवताना आवाज तुटतो

नमस्कार मंडळी,
मी धायरीत राहतो. आमच्या भजनी मंडळात पेटी वाजवणारे काका आता गुडघ्यांमुळे येत नाहीत, म्हणून ती साथ मी मिडी कीबोर्डवर करतो. लॅपटॉप जुना, २ जीबी रॅमचा. त्यावर अँटीएक्स लिनक्स टाकलंय. ते डेबियनवर आधारलेलं, हलकं आहे आणि मशीन खरंच तरतरीत झालंय. पेटीसाठी फ्लुइडसिंथ, मागे भरीव सूर धरायला योशिमी (दोन्ही सिंथ, म्हणजे आवाज तयार करणारे प्रोग्राम), दोन्ही जॅक या ऑडिओ सर्व्हरवरून.

अडचण अशी : ४८००० हर्ट्झला बफर (एका वेळी साठवून पुढे पाठवायचे आवाजाचे नमुने) १०२४ आणि पीरियड (अशा साठ्यांची संख्या) २ ठेवले तर आवाज स्वच्छ येतो, पण जवळजवळ ४३ मिलिसेकंद उशिरा. ठेका चढला की बोट पुढे आणि सूर मागे, टाळकरी माझ्याकडे बघायला लागतात. बफर २५६ केला की उशीर ११ वर येतो, पण योशिमीत तीन-चार स्वर एकत्र दाबले की कट्-कट् सुरू होतं आणि जॅकमध्ये एक्सरनचा, म्हणजे आवाज वेळेत न पोचल्याच्या चुकांचा, आकडा वाढत जातो. एकट्या फ्लुइडसिंथला काही त्रास नाही.

यूझर ऑडिओ ग्रुपमध्ये घातलाय, आरटीप्रायो (प्रोग्रामला मिळणारा अग्रक्रम) आणि मेमलॉकची (रॅम राखून ठेवण्याची) मर्यादा वाढवलीय, सीपीयू गव्हर्नर (प्रोसेसरचा वेग ठरवणारी सेटिंग) परफॉर्मन्सवर आहे, वायफाय बंद.

आता रिअलटाइम कर्नल (वेळेच्या कामांना प्राधान्य देणारा लिनक्सचा गाभा) टाकावं, की आधी आहे त्याच कर्नलला सुरू होताना थ्रेडआयआरक्यूज हा पर्याय देऊन बघावं? योशिमीत पॅडसिंथचे (आधीच तयार करून ठेवलेले) आवाज वापरले तर भार कमी होईल का? पुण्यात कुणी असा सेटअप चालवत असेल तर मी लॅपटॉप घेऊन येईन. गणपतीत रोज आरतीनंतर भजन आहे, त्याआधी हे बसवायचंय.