भाड्याच्या घरासाठी टिकाऊ फरशी कोणती?

प्रश्न: टिळकवाडीतील आमच्या दोन खोल्या विद्यार्थ्यांना भाड्याने द्यायच्या असून जुनी शहाबादी फरशी उखडली आहे. दर भाडेकरूनंतर दुरुस्ती करावी लागणार नाही, अशी कोणती फरशी घालावी?

उत्तर १: मॅट (चकाकी नसलेली) व्हिट्रिफाइड, म्हणजे भाजून काचेसारखी घट्ट केलेली टाइल घालावी, ती जेमतेम अर्धा टक्का पाणी शोषते, त्यामुळे पावसाळ्यातील चिखल व तेलाचे डाग तिच्यात सहसा मुरत नाहीत. मात्र खाली पोकळी राहिल्यास सिलिंडर आपटताच ती तडकते, म्हणून गवंड्यासमोर प्रत्येक टाइल ठोकून पाहावी आणि त्याच बॅचची एक पेटी जपून ठेवावी.

उत्तर २: मी कोटा दगड सुचवेन, कारण ओरखडे पडले तरी त्याला पुन्हा पॉलिश करता येते. तो चुनखडीचा दगड असल्याने अ‍ॅसिडने धुऊ नये, हे करारातच लिहावे. (लिहूनही लोक धुतातच, ही गोष्ट वेगळी.)

प्रश्नकर्ता: आभारी आहे. पडवीत कोटा आणि खोल्यांत टाइल घालण्याचे ठरवतो.