आकडे म्हणतात घरं कमी लागतील, मग पोरगा अजून बॉक्स रूममध्ये का?

रेडिंगकर
आमच्या गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन दिवस एकच वाद पेटलाय: इथे इंग्लंडमध्ये कौन्सिलला, म्हणजे स्थानिक पालिकेला, एवढी घरं बांधायला सांगितली कुणी? एका शेजाऱ्याचं म्हणणं, कुटुंबसंख्येचे सरकारी अंदाज खाली आलेत, मग शेतं कशाला खणायची?

माझा मुलगा २९ वर्षांचा. नोकरी आहे, पगार बरा आहे आणि झोपतो आमच्या बॉक्स रूममध्ये, म्हणजे सामान ठेवायच्या चिंचोळ्या खोलीत. पलंग लावल्यापासून तिथलं दार पूर्ण उघडत नाही. त्या अंदाजांच्या लेखी त्याला घर लागत नाही.

कसं ते सांगतो. इंग्लंडमध्ये आधी वयोगटानुसार पुढची लोकसंख्या काढतात. वसतिगृहं, वृद्धाश्रम, तुरुंग यांतली माणसं वजा करतात. उरलेल्यांना एक दर लावतात: या वयाच्या शंभरांपैकी कुटुंबप्रमुख किती? म्हणजे वेगळी चूल किती जणांनी मांडली. हा दर येतो मागच्या जनगणनांवरून, आणि गोची तिथेच आहे. २०१४ पायाभूत धरून केलेल्या अंदाजात १९७१पासूनच्या जनगणना होत्या. उत्तर आलं वर्षाला २.१० लाख नवी कुटुंबं. पुढे हे काम ओएनएसकडे, म्हणजे राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाकडे गेलं. त्यांनी दरासाठी फक्त २००१ आणि २०११ घेतल्या. २०१८मध्ये आकडा आला १.५९ लाख. २००१ ते २०११ या दहा वर्षांत घरं महागली, पोरं आईबापांकडेच राहिली. तीच अडचण 'कल' म्हणून पुढच्या पंचवीस वर्षांवर लादली. उपाशी माणूस कमी जेवतो म्हणून त्याचं ताट लहान करण्यातला प्रकार.

कॉव्हेंट्रीवाला
अर्धंच सांगितलंत, काका. ती सगळी घट दरामुळे नव्हती. मुळात लोकसंख्येचा अंदाजच खाली आला होता: जन्म, आयुर्मान, स्थलांतर, तिन्ही गृहीतकं बदलली होती. आणि सरकारने केलं काय? नवा आकडा नको तेवढा लहान निघाला म्हणून २०१९मध्ये कौन्सिलांना सांगितलं, जुना २०१४चाच धरा. उत्तर आधी ठरवायचं आणि गणित मागून जुळवायचं, याला हिशोब म्हणत नाहीत.

फुगलेल्या आकड्याचा फटका आमच्या शहराने खाल्लाय. २०२०च्या मध्याचा अधिकृत अंदाज सुमारे ३.७९ लाख. २०२१च्या जनगणनेत माणसं निघाली ३,४५,३००. शिकायला आलेली परदेशी पोरं परत गेली, पण कागदावर इथेच राहिली, हे इथले रहिवासी कधीपासून ओरडून सांगत होते. मे २०२१मध्ये आकडेवारीच्या नियामकानेही विद्यार्थीबहुल शहरांचे अंदाज तपासायला सांगितले. तोवर शहराच्या २०१७च्या विकास आराखड्यात हरितपट्ट्यातली, म्हणजे एरवी बांधकामाला बंदी असलेली, जमीन घरांसाठी मोकळी झाली होती.

रेडिंगकर
कॉव्हेंट्रीचं मान्य. पण ती चूक माणसं मोजण्यातली. मी बोलतोय जी माणसं आहेत त्यांना चूलच मांडता येत नाही, त्याबद्दल. ओएनएस स्वतः सांगतं की हे भाकीत नाही, मागचा कल तसाच चालला तर काय होईल एवढंच. ते वाचतो कोण!

हिशोबनीस
दोघेही जुन्या पद्धतीवर भांडताय. कुठल्या कौन्सिलने किती घरं बांधायची ते सरकारी सूत्राने ठरतं, आणि डिसेंबर २०२४पासून कुटुंबांचे अंदाज त्या सूत्रातून गेलेच. आता कौन्सिलच्या हद्दीत आज आहेत त्या घरांचे ०.८ टक्के, ही सुरुवात. मग घराची किंमत वार्षिक पगाराच्या पाचपटीपेक्षा जितकी जास्त, तितकी वाढ. समजा एक लाख घरं आहेत: ८०० झाली. किंमत पगाराच्या दहापट असेल तर ९५ टक्के वाढ, म्हणजे वर्षाला १,५६०. देशभरची बेरीज ३.७० लाखांच्या आसपास.

कॉव्हेंट्रीवाला
म्हणजे माणसांचा संबंधच संपला! ०.८च का, ०.७ का नाही? जिथे घरं जास्त तिथेच आणखी घरं. निदान जुन्या पद्धतीत म्हाताऱ्यांची संख्या वाढतेय की तरुणांची, एवढं तरी दिसायचं.

हिशोबनीस
पण जुन्यात एक चक्र होतं. ज्या गावाने घरं बांधली तिथे माणसं आली, कल वाढला, आणखी बांधा. ज्याने बांधलीच नाहीत, त्याचा कल शून्याकडे आणि तो निवांत. आता निदान ती पळवाट बुजली.

स्लाउची मावशी
मला सूत्र कळत नाही, पण 'कुटुंब' कशाला म्हणतात ते बघा. भारतात जनगणनेत एका स्वयंपाकावर जेवणारे ते एक कुटुंब. इथे स्वयंपाकघर सामायिक हवंच, शिवाय बसायची किंवा जेवायची जागाही सामायिक हवी. आमच्या शेजारच्या घरात चार मुलं भाड्याने राहतात. हॉल होता तोवर ते सगळे मिळून एक कुटुंब. घरमालकाने हॉलला दार लावून चौथी खोली काढली, जेवायला टेबलही ठेवलं नाही. मोजायला बसलात तर आता चार कुटुंबं! घर तेवढंच, शेगडी तीच, आणि दुधाच्या बाटल्यांवर नावं लिहिलेली.

रेडिंगकर
मावशी, आमच्याकडे हॉल एकच आणि टीव्हीही एकच. म्हणजे पोरगा आमच्यातच. त्याला हे वाचून दाखवलं, तर म्हणतो, हॉलला कुलूप लावून बघू का?