मदत हवी आहे: ड्रॅगन फ्रूट आणि फड्या निवडुंगाची बोंडं

नमस्कार मंडळी. मी नागपूरची. दोन्ही फळं निवडुंगाचीच, म्हणून एकाच धाग्यात विचारते.

गोकुळपेठेच्या बाजारातून ड्रॅगन फ्रूट आणते. पांढऱ्या गराचं मुलांना पाणचट लागतं, एक फोड खाऊन बाजूला सारतात. पिकेल म्हणून तांदळाच्या डब्यात ठेवलं, तरी गोडी वाढली नाही. ते निवडायचं कसं? लाल गराचं मात्र सगळ्यांनी आवडीनं खाल्लं, पण दुसऱ्या दिवशी मुलाला लघवी गुलाबी झाली. हे फळामुळेच असेल ना? जीव घाबरला माझा.

दुसरं त्याहून महत्त्वाचं. सासूबाई काटोलकडच्या. लहानपणी शेताच्या बांधावरची लाल बोंडं खायच्या, आता पुन्हा खायची फार इच्छा आहे त्यांना. दिराने गावाहून पिशवीभर आणून दिली आहेत. वरून गुळगुळीत दिसतात, पण त्यांवर बारीक केसांसारखे काटे आहेत. ते काढायचे कसे? सासूबाईंना नीट करून खाऊ घालायची आहेत, कृपया अनुभवी लोकांनी सांगा.

रानमेवा:
ताई, घाबरू नका जी. लाल गरात बीटासारखाच रंग असतो, तो लघवीतून आणि शौचातून बाहेर पडतो. एक-दोन दिवसांत थांबतो. फळ बंद करूनही रंग येत राहिला किंवा जळजळ, ताप असला, तर मात्र डॉक्टरांना दाखवाच.

ड्रॅगन फ्रूट तोडल्यावर गोड होत नाही, त्यामुळे डब्यात ठेवून उपयोग नाही. घेतानाच पूर्ण रंग चढलेलं, अंगठ्याने दाबल्यावर जरासं दबणारं घ्या. देठ वाळून काळा पडलेलं नको. पांढरं मुळातच सौम्य असतं. उभं कापून साल अंगठ्याने सोलली की सहज सुटते. फोडी फ्रीजमध्ये गार करून वर लिंबू आणि काळं मीठ टाका, मुलं खातील. पिवळ्या सालीचं सगळ्यात गोड, पण महाग आणि क्वचितच मिळतं. लाल गर श्रीखंडात घालायचा असेल तर अगदी शेवटी घाला. शिजवला की रंग उतरतो.

बांधावरची वैदर्भी:
बोंडांबद्दल मी सांगते. आधी एक खात्री करा. झाडाची पानासारखी चपटी फडी मोडली तर पांढरा चीक येतो का, हे दिराला विचारा. चीक येत असेल तर तो थोर, निवडुंग नव्हे. त्याचं काहीही खायचं नाही, चीक डोळ्यांनाही फार वाईट. फड्या निवडुंगातून पांढरा चीक येत नाही, नुसतं बुळबुळीत पाणी येतं.

आता काटे. उघड्या हाताने अजिबात धरू नका. बोंड सांडशीत धरून गॅसच्या आचेवर सगळीकडून फिरवा, केस चटचट जळतात. मग सांडशीतच ठेवून वाहत्या पाण्याखाली धुवा. दोन्ही टोकं कापा, एक उभी चीर द्या आणि सुरीने साल बाजूला करा. हाताला काटे लागलेच तर चोळू नका, चिकटपट्टी लावून ओढा. डोळ्याला हात लावू नका.

आतल्या बिया कडक असतात, जास्त गिळल्या तर पोट गच्च होतं. सासूबाईंसाठी गर कुस्करून मलमलच्या फडक्यातून गाळा. त्या रसात काळं मीठ, जिरेपूड, थोडं लिंबू. कच्छकडे असंच सरबत विकतात, तिथे या फळाला फिंडला म्हणतात. पण एखादं सोललेलं बोंड तसंच चोखायला द्या त्यांना, बिया थुंकायच्या. ती चव रसात येत नाही.

धागाकर्ती:
दोघांचेही खूप आभार! दिराला विचारलं, चीक येत नाही. गाळलेला रस किती टिकतो?

बांधावरची वैदर्भी:
फ्रीजमध्ये दोन दिवस धरा. जास्त असेल तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा, लागेल तसे खडे काढा.