अळसांद्यांवर (चवळीवर) काळा मावा आणि काटेरी अळ्या. औषध मारू का?

पेडण्याहून प्रश्न:
नमस्कार. भात कापून त्याच शेतात अळसांदे पेरलेत. फुलं धरली आणि कोवळ्या शेंड्यांवर काळा मावा बसला. आता त्यात काळसर, केशरी पट्ट्यांच्या काटेरी अळ्याही फिरतायत. दुकानदार म्हणतो, एकाच औषधात दोन्ही जातील. शेंगा घरी खायच्यात. काय करू?

वाळपईचे काका:
बाबा, पंप खाली ठेव! त्या अळ्या ढालकिड्याच्या. पिवळट-केशरी, पाठीवर काळ्या नागमोडी रेघांचा वाटोळा भुंगा शेतात दिसत असेल, त्याचीच ही पोरं. पानाला त्या तोंड लावत नाहीत. सकाळी एक शेंडा धरून बघ. अळी मावा जबड्यात पकडते, खाऊन टाकते की लगेच दुसऱ्याला धरते. कोषात जाईपर्यंत शे-दोनशे तरी संपवते.

पानामागे पिवळ्या उभ्या अंड्यांचा पुंजका असेल, तो पुसू नकोस. फुगून तपकिरी, कडक झालेला मावाही राहू दे. त्याच्या पोटात बारीक गांधीलमाशी वाढतेय, बाहेर पडली की तीही माव्यावरच जाणार.

मुंग्यांवर मात्र नजर ठेव. माव्याच्या गोड चिकट्यासाठी त्या राखण करतात आणि ढालकिड्याला हुसकावतात. मुंग्यांनी भरलेला, अळ्या नसलेला शेंडा सरळ खुडून टाक. औषधातून थोडा मावा वाचतोच, त्याच्या माद्या नराशिवाय जिवंत पिल्लं घालतात आणि बघता बघता शेत पुन्हा काळं होतं. ढालकिडा इतक्या लवकर परत येत नाही रे.

डिचोलीहून:
काका, काजूवरचे हुमले (पानं जोडून घरटी करणाऱ्या तांबड्या मुंग्या) पण असेच कामाचे का? आमची माणसं घरटी जाळायला निघालीत.

वाळपईचे काका:
नको गं बाय, थांबव त्यांना! हुमले ढेकण्याला (काजूचा रस शोषणाऱ्या किडीला) पालवीवर टिकू देत नाहीत, आणि पालवी-मोहोर वाचला तरच बी लागते. चावतात, कबूल. पण आपण बोंडू खाली पडल्यावरच गोळा करतो, झाडावर चढायचं काम कमी. पिठ्या ढेकणाला ते जपतात, तेवढं अधूनमधून बघ. छाटणी करताना शेजारच्या झाडांच्या एकमेकींना लागलेल्या एक-दोन फांद्या राखून ठेव, त्यांना ये-जा करायला वाट राहील.