सल्ला हवा: सोसायटीच्या डेबियनवर सोर्समधून केलेलं सॉफ्टवेअर कुठे टाकावं?

मालवणी_किनारा: मंडळी, आमच्या मच्छीमार सोसायटीच्या ऑफिसात डेबियन लिनक्सचा एक पीसी आहे. त्यावर भरती-ओहोटी दाखवणारं एक्सटाइड सोर्समधून कंपाइल करून टाकायचंय. आधी लिबटीसीडी ही लायब्ररी लागते, तीही सोर्समधूनच. प्रीफिक्स, म्हणजे बसवायचा फोल्डर, काय देऊ? /यूएसआर, /यूएसआर/लोकल की /ऑप्ट? सेक्रेटरी, क्लार्क आणि मी, तिघांच्याही लॉगिनमधून चाललं पाहिजे.

खाडीपल्याड: दादा, /यूएसआरला हात लावू नका, तो एपीटीचा, म्हणजे डेबियनच्या पॅकेज मॅनेजरचा, इलाखा. तिथे टाकलेल्या तुमच्या फाइलींची डीपीकेजीकडे (एपीटीच्या खालचं, पॅकेजेस बसवणारं टूल) नोंदच नसते. उद्या कुणी एपीटीने एक्सटाइड टाकलं की तुमच्या फाइलींवर न विचारता नव्या फाइली बसतील. /यूएसआर/लोकलमध्ये मात्र डेबियनची पॅकेजेस फाइली टाकत नाहीत, तसा पॉलिसीतच नियम आहे. सोर्ससोबत येणाऱ्या कॉन्फिगर स्क्रिप्टचा डीफॉल्ट प्रीफिक्सही तोच. पाथमध्ये (कमांड ज्या फोल्डरांत शोधली जाते ती यादी) /यूएसआर/लोकल/बिन आधी येतं, त्यामुळे तिघांनाही तुमचीच आवृत्ती मिळेल.

लिबटीसीडी टाकून झाली की रूट होऊन एलडीकॉन्फिग चालवा, म्हणजे सिस्टीमला नवी लायब्ररी कळते. हे राहून गेलं की एक्सटाइड कंपाइल होतं व्यवस्थित, पण चालवायला गेलं की लायब्ररी सापडत नाही म्हणून अडतं. मग लोक वैतागून सगळं /यूएसआरमध्ये कोंबतात.

रत्नागिरी_लिनक्स: वरचं बरोबर, फक्त जोडीला स्टो वापरा, प्रत्येक सॉफ्टवेअर वेगळ्या फोल्डरात ठेवून लिंक करणारं टूल. प्रीफिक्स /यूएसआर/लोकल/स्टो/एक्सटाइड द्या, मग त्या स्टो फोल्डरमध्ये जाऊन 'स्टो एक्सटाइड' म्हणा. बिन, लिब, शेअर सगळीकडे सिमलिंक (मूळ फाइलीकडे नेणारे शॉर्टकट) तयार होतात. काढायचं तर 'स्टो -डी एक्सटाइड' (डी कॅपिटल). सॉफ्टवेअर काढणारी 'मेक अनइन्स्टॉल' ही सोय प्रत्येक सोर्समध्ये असेलच असं नाही, आणि नसलं की एकेक फाइल हुडकत बसावं लागतं.

मालवणी_किनारा: मग /ऑप्ट कशासाठी? आणि हार्मोनिक्सची, म्हणजे भरती-ओहोटीच्या डेटाची, फाइल कुठे ठेवू?

खाडीपल्याड: /ऑप्ट तयार गठ्ठ्यांसाठी, ज्यांचं सगळं सामान एकाच फोल्डरात असतं. २०१५च्या एफएचएस ३.० या फोल्डर-रचनेच्या मानकातही ते अ‍ॅड-ऑन पॅकेजेससाठीच सांगितलंय. हार्मोनिक्स /यूएसआर/लोकल/शेअर/एक्सटाइडमध्ये ठेवा आणि तो पाथ /ईटीसी/एक्सटाइड.कॉन्फमध्ये लिहा.

रत्नागिरी_लिनक्स: पावसाळ्यात लाइट सारखी जाते, डिस्क कधी दगा देईल सांगता येत नाही. /यूएसआरमधलं बाकी सगळं एपीटी परत आणतं. तुम्ही /होम, /ईटीसी, /यूएसआर/लोकल आणि दोन्ही सोर्सचे टारबॉल (डाउनलोड केलेल्या गठ्ठा-फाइली) बाहेरच्या डिस्कवर ठेवा. सोसायटीचा डेटाबेस असेल तर त्याचा डंप (फाइलीत काढलेली प्रत) वेगळा घ्या, तो /व्हारमध्ये असतो.

मालवणी_किनारा: देव बरे करो! स्टोनेच करतो.